विमानाचा दीड तास

आज आम्ही आमच्या गटाची एक चूक सांगायला बसलो आहोत.

आमचं गाव यवतमाळच्या पुढं. गटातल्या एका वहिनीचे मालक मुंबईला दवाखान्यात होते. एका सकाळी दिराचा फोन आला, ऑपरेशन उद्या दुपारी चारला, वहिनीला पाठवा. संध्याकाळी धामणगावहून मुंबईची रेल्वे होती. पण कुणीतरी म्हणालं, नागपूरहून विमानाला दीडच तास लागते. झालं! गटाच्या पैशातून आम्ही दुसऱ्या दिवशीचं सकाळी साडेआठचं तिकीट काढलं.

दीड तास हे काही खोटं नाही. नागपूर-मुंबई सरळ रेषेत अंदाजे ६८५ किलोमीटर. रेल्वेनं तेच ८३७ भरतं. विमान ताशी ८०० च्या वेगानं जातं, मग तासभरही लागू नये ना? पण तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईत जागेवर उभं राहीपर्यंतची असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, दोन्ही एकदम वापरता येत नाहीत. गर्दी झाली की विमानं आभाळात घिरट्या घालत थांबतात. तो वेळही धरावा लागतो.

आम्ही मात्र अंगणापासूनचा वेळ धरलाच नाही. एसटीसारखं, सुटायच्या आधी पोचलं की झालं, असं वाटलं. पहाटे साडेतीनला जीप निघाली, विमानतळावर पोचली सात पन्नासला. सुटायला चाळीस मिनिटं होती. काउंटर तासभर आधीच बंद होतं. वहिनीला परत फिरवलं. तिची पिशवी सहा किलोचीसुद्धा नव्हती. सात किलोपर्यंतची पिशवी सोबत नेता येते, आणि आदल्या दिवशी मोबाईलवर चेक-इन केलं असतं तर काउंटरवर जायची गरजच नव्हती. हे आम्हाला नंतर कळलं.

वहिनी रात्रीच्या गाडीनं गेली. ऑपरेशनच्या आधी नवराबायकोची भेट झाली नाही.

ती परत आल्यावर आम्ही बैठकीत फळ्यावर हिशोब मांडला. घर ते नागपूर विमानतळ चार तास. दोन तास आधी हजर. दीड तास विमान. मुंबईत उतरून दवाखान्यापर्यंत दीड तास. झाले नऊ. रेल्वेनं धामणगावपर्यंत दोन, गाडीत बाराएक, पुढं एक, म्हणजे पंधरा. वाचतात सहा तास, आम्ही समजत होतो तसे बारा नव्हे. आणि त्या दिवशी तर आदल्या संध्याकाळची रेल्वे तिला सकाळीच पोचवून मोकळी झाली असती.

आता कुणाचं जायचं निघालं की आम्ही आधी विचारतो, पोचायचं किती वाजता? तिथून मागं मोजत येतो.

मालक घरी आले आहेत, बरे आहेत. तिकिटाचे पैसे वहिनी हप्त्यानं फेडते म्हणत होती. आम्ही घेतले नाहीत. हिशोब आमचा चुकला होता.