चक्री कोण धरणार?

(भंडारा जिल्ह्यातील महिला मेळाव्यात संक्रांतीच्या दिवशी केलेले भाषण)



"ताई, तुमचा विषय काय लिहू?" असं कार्यकर्तीने विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "पतंग." ती हसली. तुम्हीही हसताय. हसा, पण बोलणार मी पतंगावरच आहे.

माझं माहेर तुमसर तालुक्यातलं. आई विड्या वळायची. धान कापून झाले की बांध्या मोकळ्या व्हायच्या. संक्रांतीला भाऊ तिथे पतंग उडवायचे आणि मी मागे चक्री धरून उभी. "ढील दे" आणि "लपेट", एवढेच दोन शब्द माझ्या वाट्याला. पतंग कटला, तर "हिने चक्री नीट धरली नाही" हे ठरलेलं. दोर हातात यायचा तो भाऊ पाणी प्यायला गेला तरच.

चाळिशीत नवरा गेला. पुढच्या संक्रांतीला शेजारी हळदीकुंकू होतं. मी मुलीला घेऊन गेले. घरची बाई दारातच म्हणाली, "ताई, तुम्ही आत बसा, चहा पाठवते." वाईट बोलली नाही ती. अगदी प्रेमाने बोलली, म्हणून तर जास्त लागलं. तिळगूळही मला स्वयंपाकघरातच मिळाला. बाहेर माझी मुलगी एकटी बसली होती.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. चांगलं झालं. पण परिपत्रक निघालं म्हणून कुंकवाचं ताट माझ्यासमोर थांबलं नाही. मग आमच्या मंडळाने ठरवलं की संक्रांतीला सगळ्या जणी बांधीत जमायचं, तिळगूळ खायचा आणि पतंग उडवायचे. कुंकू लावायचं तर सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही.

माझा भाचा अहमदाबादेत नोकरीला आहे. तिथे १९८९ पासून आंतरराष्ट्रीय पतंग महोत्सव भरतो. त्याने माझ्यासाठी चार दोऱ्यांचा पतंग आणला. हा प्रकार १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या हॅडझिकी भावांनी लोकांपुढे आणला. त्याचं नाव 'रेव्होल्यूशन', म्हणजे क्रांती! आपण क्रांतीच्या घोषणा दिल्या आणि त्यांनी पतंग केला.

आपला पतंग कागदाचा, एका दोराचा. हा कापडाचा. दोन हातांत दोन मुठी आणि प्रत्येक मुठीला दोन दोऱ्या. एक पतंगाच्या वरच्या कडेला जाते, एक खालच्या. वरच्या दोऱ्या ओढल्या की पतंग पुढे धावतो. खालच्या ओढल्या की थांबतो, मागेही येतो. एक मूठ अशी आणि दुसरी तशी केली की जागच्या जागी फिरतो. आणि मुख्य गोष्ट, याला चक्री नसते. दोऱ्या ठरलेल्या लांबीच्या असतात. मागे कुणी उभं राहायला लागत नाही.

पहिल्या दिवशी पतंग किती वेळा आपटला ते मोजलंच नाही. घाबरले की मी दोन्ही हात डोक्यावर न्यायची. तिथेच चुकत होतं. काम मनगटाचं आहे, दंडाचं नाही. दोऱ्या समान लांबीच्या नसल्या तर पतंग एका बाजूला ओढतो, हे कळायला दोन दिवस गेले. वारा पडला की काहीच चालत नाही, बसून राहायचं. धुऱ्यावर पोरं हसत होती. पन्नाशीची बाई सगळ्यांसमोर चुकतेय, पुन्हा उठतेय, हे त्यांनी कुठे पाहिलं होतं? मीही पाहिलं नव्हतं.

आमच्यातली एक विडी कामगार चिडली. "हजार विड्यांच्या मजुरीसाठी भांडतोय आपण, आणि तुम्हाला पतंग सुचतो?" तिचं चुकलं नव्हतं. मजुरीचं भांडण वर्षभर चालूच असतं, उद्याही आहे. मी फक्त मुठी तिच्या हातात दिल्या. विड्या वळून तिची मनगटं इतकी हलकी, की आमच्यात सगळ्यांत आधी पतंग हवेत स्थिर ठेवला तो तिने. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "इतकी वर्षं मान खाली घालूनच हात चालले गं."

एक सूचना. नायलॉन मांजा कुणी आणायचा नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली आहे. त्याने पाखरं मरतात, दुचाकीवरच्या माणसांचे गळे कापतात. आपल्या या चार दोऱ्याही ताणल्या की बोट कापतं, म्हणून लेकरांना लांब ठेवा.

गेल्या संक्रांतीला ती शेजारीण धुऱ्यापर्यंत आली होती. तिळगूळ घेतला, पण बांधीत उतरली नाही. थोडा वेळ वर पाहत उभी राहिली आणि घरी गेली. यंदा मी स्वतः जाऊन तिला बोलावलं आहे. येईल की नाही, माहीत नाही.

जेवणं झाली की सगळ्या बांधीत चला. नवरा असलेली, नसलेली, सोडलेली, लग्न न केलेली, सगळ्यांची पाळी लागेल. आणि पोरी आल्या असतील, तर आधी त्यांच्या हातात मुठी द्या.