हिवरे बाजारची ग्रामसभा आणि तुमची पुढची नोकरी



तुमच्या पदवीवर जी शाखा छापली आहे, तिच्यातच तुम्ही सगळे पोट भराल असं नाही. कोणी सिव्हिल शिकून बँकेत जाईल, कोणी बी.एस्सी. ॲग्री करून पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत दिसेल. मग घरी प्रश्न येतो, ‘एवढी वर्षं शिकलास ते वाया घालवलंस का?’ मी जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात काम करत होतो आणि तिथून बाहेर पडून स्क्रम मास्टर झालो, तेव्हा हा प्रश्न मलाही विचारला गेला. काहीच वाया गेलं नाही, हे मला आज तुमच्या आईवडिलांसमोर सांगायचं आहे.

आधी स्क्रम मास्टरचं काम काय आहे ते सांगतो. सॉफ्टवेअर बनवणारी टीम असते, साधारण दहा किंवा त्याहून कमी माणसांची. ती एक महिना किंवा त्याहून कमी मुदतीचा टप्पा ठरवते, त्याला स्प्रिंट म्हणतात. टप्प्याच्या सुरुवातीला काय करायचं ते टीमच ठरवते, रोज १५ मिनिटं भेटून काम कुठवर आलं ते पाहते, शेवटी झालेलं काम दाखवते आणि आपण कसं वागलो, कुठे अडलो, हेही मोकळेपणाने बोलते. स्क्रम मास्टर या सगळ्याची घडी बसवतो. तो साहेब नसतो. पगारवाढ त्याच्या हातात नाही, कोड तो लिहीत नाही. अडलेलं काम सोडवणं आणि माणसांना एकत्र बसवून त्यांच्याच तोंडून निर्णय काढणं, ही त्याची जबाबदारी. केन श्वाबर आणि जेफ सदरलँड या दोघांनी १९९५ मध्ये ‘स्क्रम’ नावाची ही पद्धत जाहीरपणे मांडली. त्यातले सदरलँड आधी अमेरिकी हवाई दलात वैमानिक होते, व्हिएतनामच्या युद्धात त्यांनी टेहळणी विमानं उडवली, पुढे वैद्यकीय महाविद्यालयात संशोधन केलं आणि मग संगणकाकडे वळले. म्हणजे ज्याने ही वाट पाडली तोच दोनदा पेशा बदललेला माणूस.

पण तुम्हाला अमेरिकेत कशाला नेऊ? आपल्या नगर तालुक्यात हिवरे बाजार आहे. पोपटराव पवार एम.कॉम. झालेले, क्रिकेटची ओढ असलेले तरुण होते. गावातल्या पोरांनी आग्रह धरला आणि १९८९ मध्ये ते सरपंच झाले. त्यांच्या पदवीत पाणलोटाचा एक धडाही नव्हता. गाव तर पर्जन्यछायेतलं. वर्षाकाठी पाऊस जेमतेम चारशे मिलिमीटरच्या आसपास, डोंगर बोडके, दारूच्या भट्ट्या, कामासाठी गाव सोडून गेलेली कुटुंबं. २०२० साली पोपटरावांना पद्मश्री जाहीर झाली, हे तुम्हाला माहीत आहे. मधल्या तीस वर्षांत काम कसं चाललं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी, श्रमदान, ही सूत्रं गावाने धरली. डोंगरउतारावर समतल चर खोदले, झाडं लावली, बांध घातले. पण नुसते चर खोदून पाणी टिकत नाही. महाराष्ट्रात चर खोदलेली गावं पुष्कळ आहेत आणि उन्हाळ्यात त्यातल्या कितीतरी गावांत टँकर येतो, कारण अडवलेलं पाणी कोणी किती उपसायचं हे कोणीच ठरवत नाही. हिवरे बाजारने ते ठरवलं. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस आणि केळी लावायची नाही. आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा.

तो ताळेबंद बारकाईने समजून घ्या. पर्जन्यमापकावर पाऊस किती पडला ते मोजलेलं असतं, ठरावीक विहिरींची पातळी मोजलेली असते. पावसाळा सरला की ते आकडे ग्रामसभेपुढे येतात. माणसांना, जनावरांना प्यायला किती लागेल ते आधी बाजूला काढायचं. मग उरलेल्यात रब्बीची किती जमीन भिजेल, कोणतं पीक झेपेल, हे सभा ठरवते. पाऊस कमी झाला असेल तर क्षेत्र कमी करायचं, जास्त पाणी पिणारं पीक टाळायचं. फळ्यावरचा आकडा सगळ्यांना दिसतो, त्यामुळे भांडण माणसाशी न होता आकड्याशी होतं.

माझ्या धंद्यात आम्ही हेच करतो. हाताशी किती माणसं, किती दिवस, त्यात किती काम मावेल ते उघड्यावर मांडायचं आणि मावत नाही ते नाकारायचं. सरपंच निवडून आलेला असतो, त्याच्या मागे कायदा असतो; स्क्रम मास्टरकडे तेवढंही नसतं, हा फरक मी मान्य करतो. तरी पोपटरावांचं खरं बळ सहीच्या अधिकारात नव्हतं. शेजाऱ्याने यंदा कांदा कमी लावायचा, हे शेजाऱ्याच्याच तोंडून यावं लागतं. ते घडवून आणायला धीर लागतो आणि सगळ्यांचा विश्वास लागतो.

आता माझ्या शेतकी खात्याचं सांगतो, कारण जुन्या नोकरीतलं काय कामी येतं ते तिथे दिसतं. हंगामात आम्ही लागणीच्या तारखेप्रमाणे तोडणीचा प्रोग्राम लावायचो, ऊसतोडणीच्या टोळ्या फडात पाठवायचो, ट्रक-ट्रॅक्टर-बैलगाड्यांची खेप जुळवायचो. ऊस कमी आला तर गिरणी ‘नो केन’ म्हणून थांबते. जास्त आला तर यार्डात गाड्यांची रांग लागते, आणि तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की वजन घटतं, साखर उतारा घटतो. यार्ड भरलेलं असताना मुकादम म्हणतो, ‘टोळी बसवून कशाला ठेवू, तोडू द्या.’ त्या वेळी तोडणी थांबवायला सांगणं हेच आमचं काम होतं. रात्री दोन वाजता, थंडीत, टोळीवाल्यांच्या रोजच्या कमाईचा प्रश्न समोर असताना ते सांगावं लागतं, आणि त्या कुटुंबांचं नुकसान होऊ नये म्हणून दुसऱ्या फडाची सोयही करावी लागते.

सॉफ्टवेअरमध्ये आल्यावर मला पहिल्याच आठवड्यात तेच यार्ड दिसलं. डेव्हलपर नवनवीन कामं उघडत होते, तपासणीच्या टप्प्यावर ढीग साचला होता, आणि सगळे म्हणत होते की आम्ही तर दिवसभर कामात आहोत. पुस्तकात त्याला वेगळी नावं आहेत. मला मात्र ते न वाचताही कळत होतं की नवं काम थांबवा, टेस्टरच्या मदतीला बसा, आधी यार्ड रिकामं करा.

तुम्हालाही या वाटेने जायचं असेल, तर मी थोडं कडक बोलतो. दोन दिवसांचा वर्ग आणि एक परीक्षा एवढ्यावर प्रमाणपत्र मिळतं. एका परीक्षेत ५० प्रश्नांपैकी ३७ बरोबर आले की झालं. तेवढ्यावर नोकरी मिळेल असं सांगणाऱ्या जाहिरातींना आईवडिलांचे पैसे देऊ नका. मूळ स्क्रम मार्गदर्शिका जेमतेम चौदा पानांची आहे आणि ती फुकट आहे. आणखी एक गोष्ट लपवून चालणार नाही. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेने स्क्रम मास्टरसारख्या अकराशेहून अधिक जागा एका निर्णयात बंद केल्या आणि ते काम इंजिनिअर व व्यवस्थापकांकडे दिलं. फक्त बैठक भरवणारा माणूस कोणत्याच कंपनीला फार काळ परवडत नाही.

टिकतो तो, ज्याला आत चाललेलं काम कळतं. त्यामुळे आधी टेस्टर म्हणून शिरा, ग्राहकाच्या गरजा लिहून काढणारा विश्लेषक म्हणून शिरा, किंवा आज ज्या नोकरीत आहात तिथल्याच एखाद्या संगणकीकरणाच्या कामात पुढे व्हा. ग्रामीण भागातून गेलेल्या मुलांना इंग्रजीची धास्ती वाटते, ती मी जवळून पाहिली आहे. बोलता येण्याइतकं इंग्रजी सरावाने येतं. गप्प बसलेल्या माणसाला बोलतं करणं, दोघांच्या भांडणात बाजू न घेता उभं राहणं, मोठ्या साहेबाला ‘एवढं या महिन्यात होणार नाही’ असं शांतपणे सांगणं, हे मात्र वर्गात शिकवत नाहीत. तुमच्यातल्या ज्यांनी दूध संकलन केंद्रावर हिशेब ठेवलाय, बचत गटाची बैठक चालवलीय, गणेश मंडळाची वर्गणी सांभाळलीय, त्यांनी याचा काही भाग आधीच केलेला आहे. मुलाखतीत तो सांगा, लाजू नका.

आणि पुण्याची गाडी पकडण्याआधी एकदा हिवरे बाजारला जाऊन या. डोंगर, झाडं पाहाच, पण ग्रामपंचायतीत बसून पाण्याच्या ताळेबंदाविषयी विचारा. ज्या वर्षी पाऊस फार कमी झाला, त्या वर्षी सभेत आधी कोण बोललं, कोणी विरोध केला, कोणाचं पीक कमी करावं लागलं, आणि पुढच्या वर्षी तो माणूस सभेला आला का, हे विचारा. उत्तरं वहीत लिहून घ्या.