आधी चालवा, मग छापा

१९७४ साली ब्रायन कर्निहॅन आणि पी. जे. प्लॉगर या संगणकतज्ज्ञांनी जरा खोडसाळच उद्योग केला. इतरांच्या छापील पाठ्यपुस्तकांतले प्रोग्रॅम उचलले, त्यांतल्या चुका दाखवल्या आणि ते सोपे करून पुन्हा लिहिले. ‘द एलिमेंट्स ऑफ प्रोग्रॅमिंग स्टाइल’ हे त्यांचं पुस्तक त्यातूनच उभं राहिलं.

संपादन म्हणतात ते हेच!

१९७८ मध्ये कर्निहॅन आणि डेनिस रिची यांचं ‘सी’ या प्रोग्रॅमिंग भाषेवरचं पुस्तक आलं. तिथे व्याख्यांचं चऱ्हाट नाही. पहिलाच प्रोग्रॅम फक्त दोन शब्द छापतो आणि वाचक लगेच कामाला लागतो.

तांत्रिक लेख लिहिणाऱ्यांनीही प्रत्येक उदाहरण स्वतः चालवून पाहावं, सॉफ्टवेअरची आवृत्ती नोंदवावी आणि मसुदा एखाद्या नवख्याला वाचायला द्यावा. तो जिथे अडखळेल, तिथलं वाक्य बिनदिक्कत बदलावं.