फुकट शाळा खरोखर फुकट असते का?

(बेळगाव येथील मंडळाच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मला ‘मराठी शाळा वाचवा’ हा विषय दिला आहे. त्यावर या हॉलमध्ये पुष्कळ भाषणे झाली. मी आज हिशेबाचे बोलणार आहे, कारण मुलाचे नाव शाळेत घालताना आईबाप भाषणे आठवत नाहीत, हिशेब करतात.

सरकारी मराठी शाळेला फी नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षण दिले आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, असे घटनेचे ३५०-अ कलम सांगते. हे कलम १९५६ सालचे, म्हणजे आपल्याला ज्या वर्षी या राज्यात घातले त्याच वर्षीचे! तरीही उद्यमबागेत पाळीवर जाणारा बाप उसनवारी करून मुलाला इंग्रजी शाळेत घालतो. आपण त्याला नावे ठेवून मोकळे होतो.

अर्थशास्त्रात याला ‘संधी खर्च’ असा शब्द आहे. एक गोष्ट निवडल्यामुळे दुसरी जी सर्वांत चांगली गोष्ट हातची जाते, ती त्या निवडीची खरी किंमत. ती पावतीवर छापलेली नसते. आपल्या शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. ऊस लावला की रान वर्षभर अडकले. भात आणि त्यामागून कडधान्य गेले. बियाणे-खताच्या खर्चात तो हेही धरतो.

त्या बापाचाही हिशेब तसाच आहे. मराठी शाळेच्या पावतीवर शून्य असले, तरी मुलाचे इंग्रजी जाईल आणि कन्नडही कच्चे राहील ही भीती हीच त्याच्या लेखी त्या शाळेची फी. ही भीती सगळीच खोटी नाही. कन्नडविषयी तर आपण व्यासपीठावरून बोलतच नाही. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये येतो, राज्य सरकारच्या नोकरीला कन्नड लागते. कन्नड शिकल्याने सीमाप्रश्नावरचा आपला हक्क कमी होत नाही. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तेव्हा पहिलीत असलेली मुले आज लग्नाची झाली. त्यांची शाळेची वर्षे कोणासाठी थांबली नाहीत.

आता दुसरी बाजू. इंग्रजी शाळेचा खर्च समजा महिन्याला २,००० रुपये धरला. तेवढीच रक्कम दहा वर्षे सात टक्क्यांनी आवर्ती ठेवीत टाकली, तर साडेतीन लाखांच्या आसपास होते. दहावीनंतर डिप्लोमाला किंवा पदवीला जाताना हाच पैसा हाताशी नसतो आणि पोरगे तिथे अडते. शिवाय घरी अभ्यास घेणारे कोणी नाही म्हणून शिकवणी आलीच. मुलाला धडा समजला नाही तरी पाठ होतो, आणि ते आईला कळतही नाही. हेही पावतीवर नसते.

सक्तीचा मार्ग तर बंदच आहे. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकाच्याच खटल्यात सांगितले की, प्राथमिक शिक्षणाचे माध्यम सरकारला लादता येणार नाही, निवड पालकांची. म्हणजे आपल्या हाती एकच गोष्ट उरते : मराठी शाळेची ही न छापलेली फी कमी करणे.

हा हॉल संध्याकाळी बहुतेक दिवस कुलूपबंद असतो. भाडे द्यावे लागत नाही म्हणून तो फुकट आहे असे आपण समजतो. इथे रोज दीड तास इंग्रजी आणि कन्नडचा वर्ग बसू शकला असता, ती या कुलपाची किंमत. मराठी शाळेतल्या मुलांसाठी दोन शिक्षक मानधनावर ठेवावेत. पैसे कुठून आणायचे, असे कोणी विचारील. शाल-श्रीफळ, फ्लेक्स, स्मरणिका यांवर आपण खर्च करतोच. सत्कार बंद करा असे मी म्हणत नाही. ज्येष्ठांचा मान राहिलाच पाहिजे. (फ्लेक्सवरच्या आपल्या सगळ्यांच्या फोटोंबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे.) खजिनदारसाहेबांनी अंदाजपत्रकात एक रकाना वाढवावा. प्रत्येक खर्चासमोर लिहावे, एवढ्या पैशात वर्ग किती महिने चालला असता. मग सभेने हात वर करून काय ते ठरवावे.

हे अंदाजपत्रक पुढच्या सभेपूर्वी सभासदांच्या हाती पडावे. शिक्षक मिळेपर्यंत आठवड्यातले दोन दिवस मी येतो. उरलेल्या वारांसाठी नावे आज बाहेरच्या टेबलावर द्यावीत. कन्नड शिकवणारे आधी हवेत.

जय महाराष्ट्र!