घरी गेल्यावर गोळी कशी घेणार?

डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेते मित्रमैत्रिणींनो,

मला आज एकाच गोष्टीविषयी बोलायचं आहे. आपण जे सांगतो त्यातलं पेशंटला किती कळतं?

तालुक्याच्या गावी दवाखाना काढला त्या पहिल्याच वर्षी क्षयाचा एक तरुण माझ्याकडे आला. गवंडीकाम करायचा. सहा महिन्यांचा कोर्स मी त्याला नीट समजावला, अशी माझी खात्री होती. चौथ्या दिवशी त्यानं गोळ्या बंद केल्या. महिन्याभरानं खोकत परत आला, तेव्हा कारण कळलं. लघवी लाल झाली होती. औषध उष्ण पडलं, रक्त जातंय, असं समजून आईनंच गोळ्या फडताळात वर ठेवून दिल्या. रिफाम्पिसिननं लघवी नारिंगी-लाल होते, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, हे मला परीक्षेपासून पाठ होतं. त्याला तेवढं एक वाक्य सांगायचं मी विसरलो. ती चूक सर्वस्वी माझी होती.

आपल्या सूचना आपल्याला फार सोप्या वाटतात. 'तीन वेळा, जेवणानंतर' असं आपण लिहितो आणि समोरची बाई दिवसातून दोनदाच जेवते. तिसरी गोळी तशीच राहते. 'साखर बंद' म्हटलं की चहातली साखर जाते आणि तिथे गूळ येतो. याला अडाणीपणा म्हणू नका. चांगली शिकलेली माणसंही इनहेलर वर्षानुवर्षं चुकीचा ओढतात, कारण तो कसा ओढायचा हे कुणी करून दाखवलेलंच नसतं.

नीट शिकवलं की साधी माणसंही काय करू शकतात, ते पाहा. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रोग्यांना मीठ-साखरेचं पाणी पाजायचं काम नातेवाइकांच्या हाती दिलं, आणि माणसं वाचली. पुढे बांगलादेशात ब्रॅक या संस्थेनं १९८० पासून दहा वर्षं घरोघरी आयांना हेच शिकवलं: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. एक कोटीहून अधिक घरांत ते पोचलं. मला त्यात सगळ्यात मोलाची वाटते ती मोबदल्याची पद्धत. नुसती किती घरं केली यावर शिकवणारीला पैसे मिळत नसत. नंतर दुसरे लोक येऊन त्यांतल्या काही आयांना विचारत, आणि त्यांना किती आठवतं यावर तिची कमाई ठरे. आपली फी या हिशेबानं ठरली असती, तर आपण किती निराळं बोललो असतो!

ओपीडीत शंभर पेशंट असतात, वेळ कुठून आणायचा, असं तुम्ही म्हणाल. अडचण खरी आहे. पण ज्याला अर्धवट कळलंय असा पेशंट महिन्याभरानं जास्त आजारी होऊन परत येतोच, आणि तेव्हा त्याला कितीतरी अधिक वेळ द्यावा लागतो. शिवाय हे काम एकट्या डॉक्टरचं नाही. इंजेक्शन देणाऱ्या सिस्टर आणि औषधाच्या दुकानातला माणूस ते आपल्याइतकंच चांगलं करू शकतात.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. उद्या सकाळी पहिल्या पेशंटला 'कळलं का?' असं विचारू नका. त्यावर सगळेच मान हलवतात. 'मावशी, घरी गेल्यावर ही गोळी कशी घेणार, सांगा बघू' असं विचारा. त्यांचं चुकलं तर रागावू नका, पुन्हा एकदा सांगा.