लघवी काय सांगते?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



विषयाचे नाव ऐकून मागच्या रांगेत हसू फुटले ते मला ऐकू आले. हसा, माझी काही हरकत नाही. "दहा मिनिटे बोला" असे मला सांगण्यात आले, तेव्हा मीही आधी सांडग्या-पापडांवरच बोलणार होते. मी पडले सातवी शिकलेली, वैद्यकातले मला काय कळणार? परंतु गेल्या वर्षी माझ्या घरात जे घडले, त्यानंतर डॉक्टरीणबाईंना आणि आशाताईंना विचारून विचारून जे समजून घेतले, ते चारचौघींत सांगावे असे फार वाटते.

दूध नासले की नाही, डाळ विटली की नाही, हे आपण दुरून ओळखतो. पण रोज आपल्याच अंगातून जे बाहेर पडते तिकडे पाहावयाचे नाही, घाईने पाणी ओतून मोकळे व्हावयाचे, अशी आपली रीत. मूत्रपिंडे रात्रंदिवस रक्त गाळीत असतात. नको ते लघवीतून जाते आणि कामाचे ते रक्तात राहते. म्हणून पाणी ओतण्यापूर्वी क्षणभर पाहावे. रंग फिका पिवळा असला तर ठीक. गडद पिवळा झाला तर बहुधा पाणी कमी पडले आहे. बीट खाल्ल्यावर लाली दिसते, ताकदीच्या गोळ्यांनी रंग हळदीसारखा होतो आणि क्षयाच्या औषधाने नारिंगी, त्याला भिऊ नये. मात्र चहाच्या पाण्यासारखा काळपट रंग आला आणि डोळेही पिवळे दिसले तर ती कावीळ असू शकते. लघवीतून रक्त गेले, मग ते दुखो वा न दुखो, एकदाच का जाईना, दवाखाना गाठावा.

आपल्याकडचे खरे दुखणे वेगळेच आहे. माझे सासर मानवतकडचे. निंदणीला, कापूस वेचायला जाणाऱ्या बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. रानात आडोसा नसतो, बांधावर गडीमाणसे असतात. पाणी प्याले की जावे लागणार, म्हणून न पिणेच बरे! मीही पुष्कळ वर्षे हेच केले. आपल्या परभणीचा वैशाख तुम्हाला सांगायला नको. मग उन्हाळी लागते, आग आग होते, थेंब थेंब होते आणि आपण धने-जिऱ्याचे पाणी पिऊन बसतो. ते प्यावे, गारवा वाटतो. पण लघवी गढूळ झाली, घाण वास आला, थंडी वाजून ताप आला किंवा कमरेच्या वर बाजूला दुखू लागले, तर आत जंतू शिरलेले असतात, ते धन्याने जात नाहीत. मुतखडाही पाणी कमी पिणारांनाच अधिक होतो.

माझ्या सासूबाई रात्रीतून पाच वेळा उठत. मोरीत मुंग्यांची रांग लागे, आणि आम्ही हळदीची चिमूट टाकून मुंग्या घालवीत होतो! आपल्या जुन्या वैद्यांना हे ठाऊक होते, मधुमेह हे नावच मधावरून पडले. आता एक गोष्ट ध्यानात धरा. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली म्हणजेच ती लघवीत उतरते. तेव्हा मुंग्या नाहीत म्हणून साखर नाही, असे समजू नये. रक्त तपासावेच.

आता माझ्या लेकीचे सांगते. थोरली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा सातवा सरत होता. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची फुकट तपासणी असते, २०१६ सालापासून ही सोय आहे. तिथे तिच्या हाती बाटली दिली. बाहेर पुरुषमाणसे बसलेली, तिला लाज वाटली. चार थेंब पडले असतील नसतील, वर तिने नळाचे पाणी भरले आणि बाटली देऊन आली. पट्टीवर काही उमटले नाही. आम्ही निर्धास्त झालो.

दोन आठवड्यांनी बोटातली अंगठी निघेना. तोंड सुजले. मीच म्हणाले, "पोटुशीला सूज यायचीच." जाऊबाईंनी मीठ कमी करायला सांगितले. मग एके सकाळी तिचे डोके फुटायला लागले आणि ती म्हणाली, "आई, डोळ्यांपुढे काजवे चमकतात." आशाताई योगायोगाने दारात आल्या होत्या, त्यांनी बसूच दिले नाही. दवाखान्यात रक्तदाब १६० आणि ११० निघाला. पुन्हा बाटली दिली, आणि या वेळी तिने खरी भरली. तीत आल्ब्युमिन भरपूर होते. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे ते सत्त्व रक्तात राहावयाचे, ते लघवीत गळत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर झटके आले असते. नुसत्या सुजेवर जाऊ नका, रक्तदाब आणि लघवी दोन्ही दर खेपेला तपासली पाहिजेत, असे त्यांनी मला बजावले. मग तिने ती पाण्याची गोष्ट रडत रडत सांगितली. मला रागवावेसे वाटले, पण लाजावयाला तिला शिकवले कोणी? मीच ना!

झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शने दिली आणि लवकर बाळंत करावे लागले. नातू दोन किलोला थोडा कमी भरला. बारा दिवस त्याला काचेच्या पेटीत ठेवले होते. मी बाहेर बाकावर बसून असे.

बाटली कशी भरावी ते सांगून खाली बसते. कोरडी स्वच्छ बाटली घ्यावी, आधी अंग धुवावे, पहिली धार सोडून द्यावी, मधली धरावी आणि ताबडतोब नेऊन द्यावी. दवाखान्यात आडोसा नसेल तर मोठ्याने मागावा. येत्या ९ तारखेला माझ्या शेजारची सून जाणार आहे, तिच्याबरोबर मी जाते आहे. आणखी कोणाच्या घरी पोटुशी असेल तर आजच मला सांगा, एकाच रिक्षात जाऊ.