मंडईचे पाहुणे आणि मागच्या दारची नाली



सण म्हटला की शहरातल्या माणसाला दिवाळीचे चार दिवस आठवतात. आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचा हिशेब निराळा. भाऊबीज झाली की मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, लागतात, मग बैलांच्या शर्यतींचे शंकरपट, मग रात्रभर चालणारी नाटकं. देसाईगंज-वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव फिरतात आणि हा गलबला होळीपर्यंत टिकतो. ज्या गावात मंडई, तिथे घरोघरी लेकी-जावई, व्याही, मेहुणे. पाच माणसांच्या घरात त्या रात्री पंचवीस पानं उठतात. त्यासाठी भिंती रंगतात, अंगण सारवलं जातं, बोकड ठरतो. मागच्या दारी मात्र कोणी डोकावत नाही. आज तिकडेच जायचं आहे. व्याख्यान जेवणाआधीचं आहे, तेवढं सांभाळून घ्या.

2014च्या स्वच्छ भारत मोहिमेनंतर आपल्याकडे घरोघरी संडास झाले. 2019पासून जलजीवन मिशनचे नळ येऊ लागले, माणशी दिवसाला 55 लिटरच्या हिशेबाने. पाणी घरात आलं. ते बाहेर कुठे जाणार, हे ठरवायचं राहून गेलं.

सेप्टिक टाकी भरली म्हणून तुंबते, अशी आपली समजूत. माझं म्हणणं असं, की मंडईच्या दिवसांत टाकी बिघडते ती घाईने. टाकीत गाळ खाली बसतो, तेलकट साय वर येते आणि मधलं नितळ पाणी पुढे शोषखड्ड्यात जातं. या बसण्याला निवांतपणा लागतो. पाणी साधारण दिवसभर तरी टाकीत थांबेल, असं धरूनच ती बांधतात. आता पंचवीस माणसं सकाळच्या दोन तासांत आंघोळी उरकतात. तो लोंढा टाकीत शिरला की बसलेला गाळ ढवळतो, शोषखड्ड्यात जातो आणि तिथल्या मातीची छिद्रं बुजवतो. पाहुणे गेल्यावर, पौषात कधीतरी, घरधनी म्हणतो, ‘दिवाळीपर्यंत तर बरी चालत होती!’

म्हणून पहिलं काम हे, की न्हाणीचं पाणी टाकीतून तोडायचं. बऱ्याच घरांत गवंड्याने खोदकाम वाचवायला न्हाणी आणि संडास एकाच पाइपात जोडून दिलेले असतात. न्हाणीचा पाइप वेगळा काढून सांदवाडीत केळी-अळूकडे वळवा, नाहीतर त्याला स्वतंत्र शोषखड्डा द्या. खर्च एका बोकडाहून कमीच येईल.

दोन खड्ड्यांचा संडास असेल तर पाहुणे वाढले म्हणून दोन्ही खड्डे एकदम सुरू करू नका. भरून बंद केलेल्या खड्ड्यातल्या मैल्याचं खत व्हायला निदान वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि त्यात ताजी भर पडली की सगळी वाट पाहणं फुकट. धानाच्या पट्ट्यात, मामा (माजी मालगुजारी) तलावांखालच्या गावांत, कार्तिकात जमीन अजून पाण्याने तट्ट असते. खड्ड्यातलं पाणी मुरायला जागाच नसते, आणि मंडई नेमकी तेव्हाच येते. अशा गावात विहिरीपासून निदान दहा मीटर तरी खड्डा लांब हवा. तो जवळ असेल तर पाहुण्यांना त्या विहिरीचं पाणी उकळूनच द्या.

आता स्वयंपाकघर. मोठ्या गंजातली उकळती पेज सरळ नालीत ओतायची आपली सवय. साध्या पीव्हीसी पाइपला साठ अंशांपुढची उष्णता सोसत नाही. तो नरमतो, मध्येच झोल पडतो आणि त्या झोलात शितं अडकतात. वर मटणाच्या रश्शाचा तवंग. तो दिवसा वाहतो आणि मार्गशीर्षातल्या थंड रात्री पाइपाच्या आत थिजतो. त्यात भांडी घासलेली राख बसली की गिलावाच झाला म्हणा! पेज गुरांना जाऊ द्या, तेलकट गंज आधी कागदाने पुसा, मग धुवा. तुंबल्यावर ॲसिड आणून ओततात, त्याने टाकीतले मैला कुजवणारे जीवाणू मरतात. आणि ॲसिडवर ब्लीचिंग पावडर तर कधीच टाकू नका. क्लोरीन वायू निघतो, बंद न्हाणीत तो जिवावर बेततो.

एक गोष्ट चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांपुरती अधिक मोलाची आहे. गडचिरोलीचा हिवताप सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याचा डास धानाच्या बांधीत, ओढ्याच्या स्वच्छ पाण्यात वाढतो. हत्तीरोगाचा क्युलेक्स डास मात्र आपल्या घाण पाण्यात, तुंबलेल्या नालीत, सेप्टिक टाकीत वाढतो. हे दोन्ही जिल्हे हत्तीरोगग्रस्त आहेत. सामूहिक औषधोपचाराच्या गोळ्या आपल्या गावांत वाटतात त्या याचसाठी. त्या गोळ्या घ्यायच्याच. शिवाय टाकीच्या व्हेंट पाइपच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, झाकणाच्या फटी सिमेंटने बुजवा. एवढ्या स्वस्तात डासाची एवढी मोठी पैदास बंद करणारं दुसरं काम मला तरी माहीत नाही.

टाकी उपसायची असेल तर गाडी दिवाळीआधीच बोलवा. मंडईची दुकानं लागल्यावर गल्लीत ती शिरणार नाही. आणि कोणालाही टाकीत उतरवू नका. आत विषारी वायू असतात, एकामागून एक वाचवायला उतरलेली माणसं दगावतात. मैला सफाईविषयीच्या 2013च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय असं उतरवणं गुन्हाही आहे.

चंद्रपूर-बल्लारपूरकडे मुलं पुण्याला आणि घराला कुलूप, अशी घरं बरीच. तिथल्या न्हाणीच्या जाळीखालच्या ट्रॅपमधलं, वास अडवणारं पाणी आपल्या उन्हात आटून जातं आणि टाकीची दुर्गंधी थेट खोलीत येते. सणाला घरी आल्या आल्या प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता, बस्स.

दिवाळीच्या आठवडाभर आधी घरातले सगळे नळ एकदम सोडा आणि एकाने चेंबरचं झाकण उघडून उभं राहावं. पाणी सरळ वाहून गेलं तर ठीक. चढत असेल, तर नळकाम करणाऱ्याला त्याच दिवशी गाठा. भाऊबीजेनंतर तोही कुठल्यातरी मंडईला गेलेला असतो.